खोलीतला वास

धाराशिव,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. महेश्वरीस आण्णाचे आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद घेतला. आठ वेळा केला. तीन वेळा शिवरंजनीनं उचलला आणि "आई झोपलीय मामा" म्हणाली. सकाळी दहा वाजता तू झोपलेली मी तुझ्या इथल्या एकवीस वर्षांत कधी पाहिली नाही. रुसायचं तर सरळ रूस, लेकीला खोटं बोलायला कशाला लावतेस?

इथं सगळं व्यवस्थित आहे. डबा लावलाय. त्यातली आमटी म्हणजे नुसतं गरम पाणी, पण चालतंय. इरम्मा भांडी घासून जाताना रोज विचारते, "अक्का कधी येणार?" मी सांगतो, लेकीकडं गेलीय, आठ-पंधरा दिवसांत येईल. आता दोन महिने झाले. लोकांना काय सांगू?

कारण मला ठाऊक आहे. वीरप्पा शेठ निपाणीहून आपल्या तंबाखूचा नवा डबा दाखवायला आले होते, त्या दिवशीचंच ते. झाकणावर माझ्या नावाखाली छापलं होतं, 'खव्याच्या भट्टीवरून आलेला वारा'. आणि तू चहाचा ट्रे हातात धरून पाहुण्यांदेखत म्हणालीस, "हे म्या म्हणलं होतं." मी हसलो आणि म्हणालो, हिनं कधी पाईप हातात तरी धरलाय का! एवढंच. चेष्टा होती गं. त्यावर तू महिन्याभरात पिशवी भरून लेकीचं घर गाठलंस. साठीची झालीस, लहान आहेस का आता?

असो. काम असं आहे. शेठ पाईपच्या तंबाखूचं नवं मिश्रण काढतायत. सौम्य, सुगंधी, ज्यांना कडक सोसत नाही अशांसाठी. तीन नमुने पाठवलेत. १२ जानेवारीला निपाणीत बाहेरचे खरेदीदार जमणार आहेत, त्यांच्यापुढं मला निवाडा सांगायचाय. नऊ वर्षं माझ्या शब्दावर त्यांची मिश्रणं बाजारात जातात, तुला माहीतच आहे. मी रोज संध्याकाळी सहाला दार लावून बसतो, नेहमीसारखा. पण तू उंबऱ्यावर बसून बडबड करायचीस, त्याची सवय झाली होती. त्याशिवाय मन लागत नाही. या आठवड्यात येऊन जा. येडशीहून एसटीनं अर्धा तास तर लागतो.

आण्णा


येडशी,
२६ नोव्हेंबर

ति. आण्णांस महेश्वरीचा शरणार्थ.

पत्र मिळालं. पोरीला खोटं बोलाय म्या लावलं न्हाय, ती तिच्या मनानं बोलली. फोनवर मला बोलवत न्हाय. का ते इचारू नका.

मी रुसले न्हाय. रुसायला समजूत काढणारं कुणीतरी लागतं. हिथली हवा मला मानवली हाय. रामलिंगाच्या रानाकडनं वारा येतो, सकाळचं दारात खुर्ची टाकून बसते. शिवपुत्र, तुमचा भाचेजावई, स्टेशनातनं ड्युटी करून आला की स्वतःचा चहा स्वतः करतो, अन् मलाबी देतो. मला पहिल्यांदा लई अवघडल्यासारखं झालं, आता सवय झाली.

चेष्टा म्हणता. आण्णा, चेष्टेला दोघांनी हसावं लागतं. तुमी अन् शेठ हसलात. मी ट्रे धरून उभी होते.

अन् बडबड म्हणता व्हय माझ्या बोलण्याला? संध्याकाळी सहाला दारं-खिडक्या लावायच्या, वाऱ्यानं पाईप भसाभसा जळतो म्हणून. तुमी पाईप भरायचा, पेटवायचा, अन् मग हुकूम, "महेश, अंगणात जाऊन परत ये." मी नळापाशी जाऊन उभी ऱ्हायची, नाक मोकळं करून परत आत यायची. "काय वास येतोय?" मी सांगायची. पाईप अर्धा झाला की पुन्हा अंगणात, पुन्हा आत, पुन्हा सांगायची. तुमी खाली मान घालून वहीत लिहायचा. पहिल्या वर्षी तुमीच मला शिकवलं होतं की ओढणाराला निस्ता जिभेचा चटका कळतो, वास कळतो तो खोलीत बसणाराला. मग नऊ वर्षं खोलीत कोण बसलं होतं?

आता आत तुमी एकटेच. वहीत काय लिहिता, सांगा की.

मी येणार न्हाय. आमटी पातळ असंल तर इरम्माला सांगा, ती डाळ शिजवून ठेवील. कोपऱ्यातल्या डब्यात मेतकूट हाय, ते भातावर घ्या.

महेश्वरी


धाराशिव,
९ डिसेंबर

चि. महेश्वरीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. पण तू विचारलंस म्हणून सांगतो. वही कोरी आहे.

तिन्ही नमुने चार-चार वेळा ओढून झाले. जिभेला तिन्ही सारखेच, मऊ, न चावणारे. तीन नंबर जरा जास्त गोड. त्यापलीकडं मला एक अक्षर सुचत नाही. साखर कारखान्यात तीस वर्षं चीफ केमिस्ट होतो मी, रस नुसता हुंगून ऊस शिळा की ताजा ते सांगायचो. पण स्वतःच्या धुरात बसलं की माझं नाक बंद पडतं. तुझी पद्धत करून पाहिली. पाईप ठेवून अंगणात गेलो आणि परत आलो, तोवर पाईप विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा गेलो. शेजारचे रेवणप्पा गच्चीवरून ओरडले, "सर, काय हरवलंय का?" मग इरम्माला उंबऱ्यावर बसवलं आणि विचारलं, काय वास येतोय? ती म्हणाली, "तंबाखूचा येतोय साहेब." आता बोल!

तर एक युक्ती सुचलीय. तीन पुड्या आणि माझा जुना पाईप या पार्सलात पाठवतोय. पुड्यांवर नंबर घातलेत. शिवपुत्रला सांग, एका संध्याकाळी एक पुडी, दार-खिडक्या लावून. तू अंगणात जाऊन परत ये, पहिल्यांदा आणि अर्ध्यावर, आपल्या नेहमीच्या रीतीनं. आणि मला सविस्तर लिही. मी स्वतः आलो असतो, पण गुडघा वर उचलत नाही. शिवाय भाचीच्या घरी जाऊन पाईप ओढत बसणं बरं दिसत नाही.

महेश, बारा जानेवारीला मी तोंड उघडून काहीच बोललो नाही तर माझं उरतं काय? रिटायर झाल्यावर मला कोण विचारतं? वर्षातून दोनदा शेठची गाडी दारात येते, तेवढ्यावर मी माणसांत आहे. राग मनात ठेवू नकोस.

आण्णा


येडशी,
२१ डिसेंबर

ति. आण्णांस शरणार्थ.

पुड्या पोचल्या. शिवरंजनी लई भांडली माझ्याशी, पार्सल उचलून बाहेर टाकाय निघाली होती. म्या म्हणलं, आण्णाची इज्जत हाय, एकदाच करू दे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाय.

जावयाला पाईप कसा भरायचा ते म्याच शिकवलं. तळाला सैल, वरनं जरा दाबून. दुसऱ्या झुरक्याला खोकून लालबुंद झाला बिचारा, पण "आत्या, तुमच्यासाठी" म्हणत ओढला.

एक नंबर म्हंजे साखरेचं पाणी. वास येतो अन् जातो. कुणी शिव्या देणार न्हाय, अन् कुणी दुसऱ्यांदा घेणारबी न्हाय.

दोन नंबर पेटवल्यावर काहीच वाटत न्हाय. मी म्हणलं, हेबी वाया गेलं. पण जरा वेळानं सुकं खोबरं भाजल्यासारखा वास सुटतो, अन् शेवटपर्यंत तसाच ऱ्हातो. पाईप विझल्यावरबी खोली चांगली लागते. सकाळी उठून पडदा हुंगला, तरी चांगलाच. आण्णा, ह्योच घ्या.

तीन नंबर फसवा हाय. पहिल्यांदा लई भारी, पाकात वेलदोडा टाकावा तसा. दारातनं आत येताच जीव खूश होतो. पण अर्ध्यावर आला की भिजलेलं पोतं जाळल्यागत. डोळ्यांतनं पाणी काढतो. शेठला सांगा, वरनं सुगंध लई मारलाय, आतलं पान हलकं हाय. माझी चूक व्हायला नको म्हणून ह्याला दोन संध्याकाळी बसले. म्हणून चार दिवस गेले.

आता माझं एक मागणं. निपाणीत सगळ्यांपुढं निवाडा सांगाल, तवा एकदा म्हणा, ही माझ्या बहिणीची पारख हाय, महेश्वरी तिचं नाव. छापाय नको, लिहाय नको. निस्तं तोंडानं म्हणा. तेवढ्यानं माझं मन भरंल.

अन् पुन्हा पुड्या पाठवू नका. मला जमणार न्हाय.

महेश्वरी


धाराशिव,
२० जानेवारी २०२५

महेश्वरीस,

आठ दिवस झाले निपाणीहून येऊन. लिहिणार नव्हतो. पण तुला कळायला हवं की तू काय करून ठेवलंस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी हरखलो. मग पुन्हा वाचलं. ज्या माणसाकडं तू तीन महिने पाठ फिरवून बसलीस, त्याला तू चार संध्याकाळी बसून असं भरभरून लिहिशील? ओढून पाहिलं तर माझ्या जिभेला तीन नंबरच सगळ्यांत गोड लागत होता, आणि तू त्यालाच नावं ठेवतेस. ज्याला पेटवल्यावर वासच नाही तो दोन नंबर चांगला म्हणतेस. शेवटी ते नाव घ्यायचं मागणं. मी म्हटलं, झालं, बाईनं डाव टाकला. चुकीचं सांगून सगळ्यांपुढं माझी फजिती करणार आणि डब्याचा वचपा काढणार. केमिस्ट माणूस मी. तू दोन म्हणालीस म्हणजे तीन, असा हिशेब केला.

तीन नंबरचा निवाडा दिला. शेठनी तिथंच आठ जणांचे पाईप भरायला लावले. हॉलची दारं लावली, मीच लावायला सांगितली. पहिली दहा मिनिटं वाहवा झाली. एका खरेदीदारानं माझा हात हातात घेतला. मग हळूहळू एकेकाचा पाईप खाली आला. कोपऱ्यात शेठची सून, निकिता, चहाची व्यवस्था बघत होती. तिनं नाकाला पदर लावला आणि कुणाला न विचारता खिडकी उघडली. शेठनी मला जेवायला बसवलं, गाडीनं परत पोचवलं. निघताना वही मागून घेतली, म्हणाले, "आता तुम्ही विश्रांती घ्या सर."

नऊ वर्षांचं नाव अर्ध्या पाईपात गेलं!

तू खरं लिहिलं होतंस, हे आता सगळ्यांना कळलं. पण मला आधी कसं कळणार? रागावलेल्या माणसानं एकदम सरळ वागायचं नसतं. एक ओळ लिहिली असतीस, आण्णा, राग आहे पण खरं सांगतेय, तर हे घडलं नसतं. तुझं नाव घेतलं नाही ते बरंच झालं म्हण, नाहीतर तुझीही शोभा झाली असती.

आण्णा


येडशी,
२९ जानेवारी

आण्णांस,

शिवरंजनी म्हणते लिहू नको. पण एकदा लिहून मोकळी होते.

मी घर सोडलं ते डब्यापायी न्हाय. डबा लागला मनाला, खोटं कशाला बोलू. पण म्या तुमच्या घरात त्याहून लई गिळलंय. गणपतीत मला पायरी चढवंना, ध्यानात हाय का? तुमी म्हणालात, वय झालं. शिवरंजनी मला छातीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यानं फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं, अन् इचारलं, "मावशी, किती वर्षं ओढताय?" म्या म्हणलं, एकदाबी न्हाय. तो माझ्याकडं अशा नजरंनं बघाय लागला की जणू मी चोरी करून नाकबूल करतेय. तवा शिवरंजनी रडत म्हणाली, आईनं न्हाय ओढली, मामानं ओढली, आई दार लावून बसायची.

डॉक्टर म्हणाला, ह्या धुरात आता एक दिवसबी बसायचं न्हाय. बसलात तर मी जबाबदार न्हाय. म्हणून हिथं आले. तुमाला सांगितलं न्हाय, कारण तुमचा तेवढाच एक आनंद हाय, तो तुमी माझ्यापायी सोडावा अन् मग मनात कुढत बसावं, हे मला नको होतं. फोन उचलत न्हाय कारण दोन वाक्यांत दम लागतो, अन् तुमी इचारलं असतं.

अन् तुमी पुड्या पाठवल्या.

चार संध्याकाळी मी दार लावून बसले आण्णा. तीन नंबरला दोनदा, कारण तुमची चूक व्हायला नको. चौथ्या राती जावयानं रिक्षा करून दवाखान्यात नेलं. दोन दिवस तोंडाला वाफंचं मशीन लावून पडले होते. उठून बसवंना, तरी २१ तारखेला पत्र लिहिलं, वेळंत पोचावं म्हणून. प्रत्येक अक्षर खरं लिहिलं.

अन् तुमी ते उलटं केलं! वैऱ्याचं असावं तसं ते वाचलं. वर मलाच इचारता, खरं हाय असं लिहिलं का न्हाय? एकवीस वर्षं तुमच्या घरात ऱ्हायले, तुमचा डबा भरला, तुमचं दुखणं काढलं. नऊ वर्षं रोज दोनदा अंगणात गेले अन् परत आले. ह्यात तुमाला कधी मी खोटं बोललेली सापडले? एकदा तरी? मला माझ्या नावाचं काय न्हाय आता. पण माझ्या सख्ख्या भावाला वाटलं की मी त्याला फसवीन, ते मला सोसत न्हाय. छातीपेक्षा ते जास्त दुखतंय.

तुमचा जुना पाईप जावयानं पार्सलनं पाठवलाय.

महेश्वरी


धाराशिव,
६ फेब्रुवारी

माझ्या महेशला,

पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. तू पायरीवर थांबायचीस ते मला आठवतं. मी वरून म्हणायचो, चल लवकर, सहा वाजले. मी नालायक माणूस आहे. तुझ्या छातीत माझा धूर भरला आणि मी तुला विचारलं, काय वास येतोय!

तुझ्यावर संशय घेतला, कारण तुझ्या जागी मी असतो तर मी फसवलं असतं. हे लिहायला मला चार दिवस लागले. तू तसली नाहीस, हे मला एकवीस वर्षांत दिसायला हवं होतं.

ऐक. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी पाईपला हात लावलेला नाही. शपथ घेऊन सांगतो. सगळे पाईप इरम्माकडून माळ्यावर टाकले. पडदे धुवायला दिले, भिंतींना परवा रंग देतोय, दारं-खिडक्या दिवसभर उघड्या असतात. घर आता तुझ्यासारखीनं राहण्याजोगं झालंय. शेठना पत्र लिहिलं की नऊ वर्षांचा प्रत्येक निवाडा माझ्या बहिणीचा होता आणि शेवटचाही तिचा बरोबर होता. मीच तो उलटा केला.

तू ये. पायरी चढवत नसेल तर खालची खोली तुझी. मला वास सांगू नकोस, काही सांगू नकोस, नुसती राहा. नाहीतर एक ओळ लिही, मी गुडघा सावरत येतो न्यायला. एवढा एक वेळ माझ्यावर विश्वास ठेव.

तुझा आण्णा


येडशी,
१३ फेब्रुवारी

ति. मामांस,

तुमचं पाकीट आहे तसं परत पाठवतेय. आम्ही ते उघडलेलं नाही, त्यामुळं आत काय लिहिलंय ते मला माहीत नाही.

पोस्टमन आला तेव्हा आई दारात खुर्चीवर बसली होती. तिनंच पाकीट हातात घेतलं. अक्षर बघून तिचा चेहरा जरा सैल झाला, हे मी पाहिलं, खोटं कशाला सांगू. फोडायला लागली, आणि मध्येच थांबली. नाकाजवळ नेलं. मग मला म्हणाली, "पाईप वढत वढत लिवलंय."

मी विचारलं, वाचून दाखवू का? ती नको म्हणाली आणि आत जाऊन पडली.

शिवरंजनी